ज्वालामुखीच्या बेटावर डायव्हिंग: आपल्याकडच्या सर्टिफाइड मंडळींनी कुठे जावं? बाली की बॅरन?

कर्लीकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

आम्ही चौघं देवबाग-तारकर्लीच्या आसपासचे. डायव्हिंगच्या कोर्सांपैकी दोघांचं ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर झालंय, दोघांचं नुसतं पहिल्या पायरीचं ओपन वॉटर. शिकलो इथेच, त्यामुळे बहुतेक डाइव्ह सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास आणि निवती रॉक्सला झाल्या. कर्नाटकातलं नेत्राणी बेटही बघून झालंय. आता एकदा ज्वालामुखीच्या बेटावर पाण्यात उतरायचं असं डोक्यात आहे. काळी वाळू, लाव्हाचे कडे, खाली थेट खोल निळं, हे सगळं व्हिडिओत बघून बघून जीव कासावीस झालाय.

दोन नावं पुढे आहेत. एक अंदमानातलं बॅरन आयलंड, आपल्या देशातला एकमेव जागा ज्वालामुखी. दुसरं बालीतलं तुलांबेन, अगुंग पर्वताच्या पायथ्याशी. पर्यटकांना बोट धरून पाण्यात नेतात ती 'ट्राय डाइव्ह' नको आहे. कार्डवाल्यांसाठी गाइडसोबतच्या ज्या सहली असतात, त्यांबद्दल विचारतेय. महिना कुठला धरावा, चौघांची पातळी वेगवेगळी आहे तर एकत्र उतरता येतं का, आणि सर्टिफिकेट असताना गाइडचे पैसे खरंच द्यावे लागतात का? आमच्यातल्या एकाचं ठाम मत आहे की कार्ड मिळालं म्हणजे आपण दोघा-दोघांनी जोडीने उतरायला मोकळे.

तिसऱ्या

वाचतोय. पाण्यात माझी मजल गुडघ्यापर्यंत, तीही कालवं काढायला. पण धागा भारी होणार.

निवतीचो

अगो बाय, म्हयनो पयलो इच्यारलंस ता बरा केलंस. आमचो धंदो मे म्हयन्याच्या अखेरीक बंद पडता तो सप्टेंबर उजाडासर. होड्यो वर वडून ठेवतत, कंप्रेसर झाकून ठेवतत. आमी गाइड लोकांनी भायर जावचा तर तेवाच. पण अंदमानाकय तेवाच पावस. म्हणजे बॅरन बगूचा झाला तर ऐन सीझनात हयलो धंदो सोडून जावक व्हया. ता कोणाक परवडता? बालीत जून ते सप्टेंबर सुको आसता. म्हणान हयले पोरगे गेलेच तर तकडेच जातत.

आणि त्या तुमच्या कार्डवाल्याक सांग, गाइड व्हयोच. मी गाइड आसय म्हणान नाय सांगत. मी सोता भायर गेलंय काय मीय गाइड घेतंय.

मुरूडकर

बॅरनबद्दल थोडं लिहितो, कारण त्याच्याविषयी आपल्याकडे गैरसमज जास्त.

हे बेट पोर्ट ब्लेअरपासून (आता श्री विजय पुरम) साधारण 135-140 किलोमीटर ईशान्येला आहे. तिथे वस्ती नाही, धक्का नाही, आणि बेटावर पाय ठेवायची परवानगीही नाही. ते अभयारण्य आहे. म्हणजे तिथलं डायव्हिंग म्हणजे बोटीवर राहायचं, रात्रभर प्रवास करायचा, बेटाभोवती उतरायचं आणि परत यायचं. वन खात्याची आणि इतर परवानगी बोटवाला काढतो. ती वेळेत मिळाली नाही किंवा समुद्र खवळला तर बेत बदलतो. पैसे देण्याआधी हे त्याच्याकडून लेखी घ्या.

पाण्याखाली काय? बेट म्हणजे समुद्राच्या तळापासून दोन हजार मीटरहून उंच उठलेल्या डोंगराचं नुसतं टोक. त्यामुळे किनारा असा नाहीच, कडा थेट खाली जातो. काळा बेसाल्ट, मऊ प्रवाळं, आणि नशीब असेल तर मांटा रे. पाणी असं स्वच्छ की बोटीवरून खालचा कडा दिसतो. पश्चिमेच्या बाजूला ज्वालामुखीच्या काहिलीसारख्या खळग्याचा कठडा तुटलाय, तिथून लाव्हा समुद्रापर्यंत आलेला बोटीतून स्पष्ट दिसतो. 1787 मध्ये पहिल्या उद्रेकाची नोंद झाली, त्यानंतर आणखी काही उद्रेक, मग शंभराहून जास्त वर्षं शांतता, आणि 1991 मध्ये पुन्हा जागा झाला तो अधूनमधून धुमसतोच आहे.

पण ताई, तुमच्या चौघांपैकी दोघांना 18 मीटरचीच मर्यादा आहे. खाली तळ नाही, जवळ दवाखाना नाही, किनाऱ्याला परत यायला एक रात्र. बॅरन दोन वर्षांनी करा. पळून जात नाही तो.

तिसऱ्या

त्या बेटावर बकऱ्या आहेत म्हणे? ज्वालामुखीच्या शेजारी बकऱ्या काय खातात?

मुरूडकर

@तिसऱ्या, आहेत. पूर्वी कधीतरी कुणी जहाजवाल्यांनी सोडलेल्या, त्यांचीच पिलावळ. झाडी आहे की बेटावर, सगळीच राख नाही.

शेवंड

तुलांबेन मी केलंय, एकाहून जास्त वेळा. सविस्तर लिहिते, कारण व्हिडिओत जे दिसत नाही तेच तिथे उपयोगी पडतं.

आधी तिथलं मुख्य आकर्षण. 'लिबर्टी' नावाचं अमेरिकी मालवाहू जहाज. जानेवारी 1942 मध्ये लोंबोकच्या सामुद्रधुनीजवळ जपानी पाणबुडीने त्याला टॉर्पेडो मारला. ओढत बंदरापर्यंत नेणं जमेना, म्हणून तुलांबेनच्या किनाऱ्यावर चढवून ठेवलं. तिथे ते वीसेक वर्षं उघड्यावर पडून होतं. 1963 मध्ये अगुंगचा मोठा उद्रेक झाला, त्याच्या हादऱ्यांनी ते घसरून पाण्यात गेलं आणि आडवं झालं. आज ते किनाऱ्यापासून चाळीसेक मीटरवर आहे. वरचा भाग पाचेक मीटरवर, खालचा तिशीच्या आसपास. लांबी 120 मीटरहून जास्त. तुमच्यासारख्या मिश्र गटाला यापेक्षा सोयीची जागा सापडणार नाही: ओपन वॉटरवाले वरच्या बाजूने जहाजभर फिरू शकतात, ॲडव्हान्स्डवाले दुसऱ्या गाइडबरोबर खाली. बोट लागतच नाही.

आणि इथेच आपल्या लोकांची पहिली पंचाईत होते. आपण बोटीच्या कडेवर बसून मागे उलटी उडी मारायला शिकलेलो. तुलांबेनला किनाऱ्यावरून चालत पाण्यात जायचं असतं, आणि किनारा वाळूचा नाही, नारळाएवढ्या गुळगुळीत काळ्या धोंड्यांचा. लाट आली की धोंडे पायाखाली घरंगळतात. टाक्या तिथल्या बायका डोक्यावरून आणून देतात, एकीच्या डोक्यावर दोन-दोन टाक्या बघून आपण आपल्या दोन फिनांची तक्रार करणं बंद करतो. जाड तळव्याचे बूट घ्या, फिन हातात धरा, कमरेएवढ्या पाण्यात गेल्यावर घाला, आणि गाइड म्हणेल तेव्हाच पुढे व्हा. तो लाटा मोजत उभा असतो, उगाच नाही.

पहाटे पाणी शांत असतं आणि दक्षिण बालीहून येणाऱ्या गाड्या पोचलेल्या नसतात. त्या वेळी जहाजावर बंपहेड पोपटमाशांचा कळप असतो, माणसाच्या निम्म्या उंचीचे, कपाळावर टेंगूळ. दहानंतर तिथे जत्रा भरते. त्यामुळे कुटा-सेमिन्याकला राहून एका दिवसाची सहल घेऊ नका, तुलांबेनलाच मुक्काम करा. माझ्या मते या एका निर्णयावर सगळी सहल ठरते.

जहाजाशिवाय 'ड्रॉप ऑफ' नावाचा कडा आहे, अगुंगच्या लाव्हाचा. त्याच्या भिंतीवर पंख्यासारखी प्रवाळं, त्यांत नखाएवढा पाणघोडा. तो दाखवायला गाइडच लागतो. तुमच्या मित्राला हे सांगा. कार्ड तुम्हाला पाण्यात नेतं, पण त्या पंख्याच्या हजार फांद्यांत घोडा कुठे बसलाय ते कार्डावर लिहिलेलं नसतं.

कर्लीकाठ

@शेवंड ताई, किती छान लिहिलंत. आमचा मित्र आता जरा गप्प आहे. :)

पण काळ्या वाळूत पाणी इतकं स्वच्छ कसं? आपल्याकडे पांढऱ्या वाळूतसुद्धा पाच मीटर दिसलं तरी नवस फेडतात.

खडपी

शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकले म्हणून या प्रश्नाला हात घालते.

वाळूचा रंग सोडा, तिचा आकार बघा. लाव्हाची वाळू जाड आणि जड, ढवळली तरी लगेच बसते. आपल्याकडे कर्ली, गड, सावित्री, वाशिष्ठी, सगळ्या सह्याद्रीचा गाळ घेऊन समुद्रात उतरतात. तो बारीक गाळ पावसाळ्यानंतर महिनोन्‌महिने तरंगत राहतो, आणि आपला समुद्रतळ उथळ, उतार मंद, त्यामुळे प्रत्येक उधाणाला पुन्हा उठतो. ज्वालामुखीच्या बेटाला मोठी नदी नसते, आणि किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर समुद्र खोल होतो. गाळ टिकायला जागाच नाही.

एक गंमत. लाव्हा समुद्रात उतरला की खालचं सगळं मरतं, पण नवा दगड प्रवाळाला फार मानवतो. इंडोनेशियातल्याच बांदा बेटांवर 1988 मध्ये लाव्हा समुद्रात गेला. पाचेक वर्षांनी शास्त्रज्ञांनी पाहिलं तर त्या लाव्हावर शंभराहून जास्त जातींची प्रवाळं होती, आणि आडोशाच्या ठिकाणी निम्म्याहून जास्त दगड झाकला गेला होता. शेजारच्या जुन्या रीफपेक्षा गर्दी जास्त! वर गाळ नाही, स्पर्धा नाही, पाणी स्वच्छ. आपल्या मालवणच्या प्रवाळाला यातलं काहीच मिळत नाही, तरी ते टिकून आहे. त्यामुळे परत आल्यावर 'आपल्याकडे काय आहे' म्हणू नका, एवढीच विनंती.

तिसऱ्या

पण आपलं कोकणही लाव्हाचंच ना? मग सिंधुदुर्ग किल्ला पण ज्वालामुखीचं बेट झालं की! बालीचं तिकीट वाचलं!

खडपी

@तिसऱ्या, तुमच्या देवगडचा काळा दगड लाव्हाचाच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. पण तो दक्षिणेकडे विरळ होत जातो. मालवण-वेंगुर्ल्याकडचा खडक त्याच्याही कितीतरी आधीचा आहे, रेडीचं लोहखनिज त्याच जुन्या खडकातलं. म्हणजे लाव्हावर बसून आंबे तुम्ही खाता, आणि डायव्हिंग आम्ही दुसऱ्याच दगडावर करतो.

जुना बंदरकर

सगळं वाचलं. मला एक कळत नाही, बालीला जायची एवढी घाई कशासाठी? विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरवर आंग्रिया बँक आहे. समुद्रात बुडालेलं पठार, माथा वीसेक मीटरवर, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. किनाऱ्याचा गाळ तिथे पोचत नाही, पाणी अंदमानासारखं. आणि 2024 च्या जानेवारीत नौदलातून निवृत्त झालेली 'गुलदार' निवतीजवळ बुडवून डायव्हरसाठी जागा करायचा सरकारचा प्रकल्प आहे. आपल्याच दारात जहाज येत असताना दुसऱ्याचं बुडालेलं जहाज बघायला तिकीट काढायचं?

शेवंड

@जुना बंदरकर काका, आंग्रिया बँकेला रोज सुटणाऱ्या होड्या असत्या तर मी या धाग्यावर नसते, तिथेच असते. शंभर किलोमीटर उघड्या समुद्रात जायचं तर मोठी बोट, हवामानाची खात्री, वर डॉक्टर, सगळं लागतं. आणि माथा वीस मीटरवर म्हणजे ओपन वॉटरवाल्यांची मर्यादा तळाला पोचण्याआधीच संपते.

गुलदारबद्दल आनंदच आहे. पण जहाज बुडवलं म्हणजे रीफ झालं असं होत नाही. लिबर्टी पाण्यात जाऊन साठ वर्षं होऊन गेली.

जुना बंदरकर

साठ वर्षं थांबायची माझी तयारी आहे, वयाची नाही. बरं, जा. पण परत आल्यावर तिथलं गाइड लोकांचं काम बघून इथल्या पोरांना सांगा. त्याचा उपयोग होईल.

निवतीचो

काका बरोबर बोललास.

आता मी पाण्याखालचा सांगतंय. पाणी निवळ आसला म्हणजे सोपा आसा, असा समजा नकात. हय निवतीक चार-पाच मीटर दिसता, तेच्यामुळे आपण तळाक धरून जातंव आणि खोली आपोआप ध्यानात रवता. थय वीस-पंचवीस मीटर दिसता. खालचो मासो हाताच्या अंतरार आसा असा वाटता, आणि हातावरचो खोली दाखवणारो कॉम्प्युटर बगलंस तर तू सव्वीस मीटरार. अठराची रेघ पाण्यात कोण मारून ठेवणा नाय. कॉम्प्युटर परत्येकाच्या हातार सोताचो व्हयो, जोडीत एक नको.

दुसरा. आपल्या लोकांक एक खोड आसा. पाण्याची ओढ इली काय खडपाक हात घालतत. हय चलता. थय काळ्या वाळयेत दगडासारखो दिसता तो दगड नसता. स्टोनफिश, स्कॉर्पियनफिश, सगळे इखारी काट्यांचे मासे थय बसलेले. हात छातीर बांधून ठेवा.

आणि एक आपल्या बाजून. गढूळ पाण्यात शिकलेलो माणूस जोडीदाराक सोडणा नाय. ह्या आपला चांगला आसा, ता थय जावन इसरा नकात.

दीपस्तंभ

गाइड निवडताना काय विचारायचं? सगळ्यांच्या वेबसाइट सारख्याच दिसतात. सगळीकडे कासव आणि हसणारी माणसं.

शेवंड

@दीपस्तंभ, मी नेमकं हे विचारते: एका गाइडमागे किती जण? चारच्या वर असतील तर मी पुढचं विचारत नाही. पातळीप्रमाणे गट वेगळे करता का? पहिली डाइव्ह उथळ, तपासणीची असते का? टाकीत किती हवा उरली की परत फिरायचं? ऑक्सिजनचा संच गाडीत आहे का?

आणि त्यांनी मला काय विचारलं ते त्याहून महत्त्वाचं. शेवटची डाइव्ह कधी केलीस, लॉगबुक (डाइव्हची नोंदवही) दाखव, दमा आहे का, औषधं चालू आहेत का. ज्याने यातलं काही न विचारता पैसे मागितले, तिथून मी निघते. एकदा दुसऱ्याच एका देशात मला नवख्या पर्यटकांच्या गटात घातलं. गाइड बिचारा चौघांचे मास्क सावरत होता आणि मी त्याच्या मागे तरंगत. पैसे तेवढेच घेतले. तेव्हापासून गटाबद्दल आधीच विचारते.

कर्लीकाठ, तुमच्या चौघांना दोन गाइड मागा. थोडे जास्त पैसे जातील, जाऊ द्या. एकच गाइड असेल तर नियमाने सगळ्यांना 18 मीटरच्या वर राहावं लागेल, आणि ॲडव्हान्स्डवाले नाराज होतील, किंवा त्याहून वाईट, नियम मोडून सगळेच खाली जातील.

नायट्रॉक्सचा (टाकीत जास्त ऑक्सिजन असलेली हवा) कोर्स केला नसेल तर निघण्याआधी करून टाका, तुलांबेनला रोज तीन डाइव्ह करणाऱ्याला फार फरक पडतो. फक्त 32 टक्के ऑक्सिजनच्या मिश्रणावर 33 मीटरच्या खाली जायचं नाही, हे डोक्यात पक्कं हवं.

घाटमाथा

कोल्हापूरचा डॉक्टर आहे, हौशी डायव्हर. इथे अजून कुणी काढला नाही तो मुद्दा मांडतो, आणि ज्वालामुखीच्या बेटांवर तोच सगळ्यात जास्त विसरला जातो.

डायव्हिंगनंतर लगेच विमानात बसायचं नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. एक डाइव्ह असेल तर किमान 12 तास, अनेक डाइव्ह किंवा अनेक दिवस असतील तर किमान 18. कारण शरीरात विरघळलेला नायट्रोजन, वर हवेचा दाब कमी झाला की बुडबुडे होऊन बाहेर यायला बघतो. पण दाब कमी व्हायला विमानच लागतं असं नाही. डोंगर पुरतो. साधारण 600 मीटरच्या वर गेलात की विमानाचाच नियम लावायचा.

ज्वालामुखीच्या बेटावर समुद्र आणि शिखर एकाच दिवसाच्या अंतरावर असतात. सकाळी तुलांबेनला दोन डाइव्ह आणि दुपारी 'किंतामणीला ज्वालामुखी बघू' म्हणून गाडीने निघालात, की दीड हजार मीटर. बातुरची सूर्योदयाची चढाई तर 1700. हवाईत लोक डाइव्ह करून हालेआकाला ज्वालामुखीवर जातात, ते 3000 च्या वर. टेनेरीफ बेटावर तेइदे ज्वालामुखी आहे. तुमचा ड्रायव्हर दक्षिणेला परतताना किंतामणीवरून जवळचा रस्ता घेईल, त्याला काही ठाऊक नसतं. आधीच सांगा, खालच्या किनाऱ्याच्या रस्त्याने चल. डोंगर बघायचा तो डायव्हिंगच्या आधी बघा.

आणि बालीपर्यंत जायला नको. निवतीला दोन-तीन खोल डाइव्ह करून रविवारी संध्याकाळी आंबोली घाट चढणारे आमच्या कोल्हापूर-बेळगावचे कितीतरी जण आहेत. आंबोली सुमारे 690 मीटर.

कर्लीकाठ

@घाटमाथा, हे आम्हाला कोर्समध्ये विमानापुरतंच लक्षात राहिलं होतं. आंबोलीचा विचारच केला नव्हता कुणी. मग रविवारी येणाऱ्यांनी काय करायचं?

घाटमाथा

रात्रभर थांबायचं, सोमवारी सकाळी निघायचं. किंवा खोल डाइव्ह शनिवारी, रविवारी किल्ला बघा, मासे खा. मुंबईला कोकण रेल्वेने जाणाऱ्यांचा प्रश्न येत नाही, ती एवढी उंच चढतच नाही.

तारकर्लीला पाच-सहा मीटरवर पंधरा मिनिटं ट्राय डाइव्ह केलेल्याला धोका फार कमी, त्याने घाबरून जायची गरज नाही. हे सगळं लॉगबुकवाल्यांसाठी आहे. आणि घाटात किंवा घरी पोचल्यावर सांधे दुखायला लागले, हातापायाला मुंग्या आल्या, चक्कर आली, तर 'प्रवासाचा थकवा' म्हणून झोपू नका. डॉक्टरला पहिलं वाक्य हे सांगा की मी आज डाइव्ह केली आहे. ते सांगितलं नाही तर डॉक्टरला सुचणारही नाही.

निवतीचो

डॉक्टर, ह्या मी उद्याच बोर्डार लिवन लावतंय. खरा सांगतंय.

उधाणवारा

बालीशेजारचं नुसा पेनिडा बेट कुणीच काढलं नाही? बालीला जाऊन मोला मोला (भलामोठा सनफिश) न बघता परत?

शेवंड

@उधाणवारा, मुद्दामच नाही काढलं. बरं, लिहिते. जुलै ते ऑक्टोबर पेनिडाभोवती खोलातलं थंड पाणी वर येतं, त्याच्याबरोबर मोला मोला येतो. तुलांबेनला 27-28 अंश असतं, पेनिडाला तेव्हा विशीपर्यंत उतरू शकतं. आपल्या पातळ सूटमध्ये दात वाजतात. आणि करंट असा की आडवा तर नेतोच, कधी खालीही ओढतो. ओपन वॉटरवाल्यांनी मांटा पॉइंट करावा, तोही समुद्र शांत असेल तर. क्रिस्टल बेला मोलासाठी ॲडव्हान्स्डवाल्यांनीच, आणि तुलांबेनला दोन-तीन दिवस घालवून गाइडने तुम्हाला बघितल्यानंतर.

दिवस निवडायला आपली पंचांगाची अक्कल तिथे चालते. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पेनिडा टाळा, अष्टमीच्या आसपास भांगाच्या (भरती-ओहोटी कमी असते त्या) दिवसांत जा. तिथले गाइड भरती-ओहोटीचा तक्ता बघतात, आपले म्हातारे तिथी बघतात, उत्तर एकच येतं. तुलांबेनला मात्र याने फार फरक पडत नाही.

मुरूडकर

ज्वालामुखीचं म्हणून एक व्यवहाराचं. नोव्हेंबर 2017 मध्ये अगुंगच्या राखेमुळे बालीचा विमानतळ बंद पडला होता. त्याच्या आधीच, सप्टेंबरात, आजूबाजूची लाखाहून जास्त माणसं हलवावी लागली. 2024 च्या नोव्हेंबरात तर बालीतला डोंगर शांत होता, फ्लोरेसवरच्या लेवोतोबीची राख आली आणि भारतातली विमानंसुद्धा रद्द झाली. त्यामुळे परतीच्या आधी एक दिवस मोकळा ठेवा. तसाही तो नायट्रोजनसाठी लागतोच.

विमा काढताना दोन गोष्टी वाचा. डायव्हिंग धरलंय का आणि किती मीटरपर्यंत. साध्या प्रवास-विम्यात बऱ्याचदा नसतं. डॅन (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क) या संस्थेचा डायव्हरसाठीचा विमा वेगळा मिळतो. दुसरं, ज्वालामुखीचा इशारा जाहीर झाल्यावर काढलेली पॉलिसी त्याच ज्वालामुखीसाठी बहुधा उपयोगाची नसते. तिकीट काढाल त्याच दिवशी विमा काढा. व्हिसा उतरल्यावर मिळतो, पाच लाख रुपया. आकडा बघून दचकू नका, त्यांचा रुपया आपल्या रुपयासारखा नाही. वर बालीचा पर्यटन कर दीड लाख, तो आधी ऑनलाइन भरता येतो.

तिसऱ्या

पाच लाख वाचून मी खुर्चीतून पडलो होतो. पुढचं वाक्य वाचून परत बसलो.

कर्लीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. घरात बैठक झाली, मित्रासकट. ठरलं असं: जुलैत जायचं, मुक्काम तुलांबेनलाच. डोंगर बघायचा तो उतरल्या-उतरल्या, पहिल्या दिवशी. मग डायव्हिंग, दोन गाइड. पेनिडाला फक्त ॲडव्हान्स्डवाले दोघं, तेही तुलांबेनच्या गाइडने हो म्हटलं तर. शेवटचा दिवस कोरडा. मित्राने गाइडचे पैसे स्वतःहून काढून ठेवलेत. बॅरन पुढे कधीतरी, मुरूडकरांना विचारून.

शेवटचं एक. पेनिडाच्या थंडीसाठी 5 मिलिमीटरचा सूट इथूनच विकत घ्यावा का? आम्ही सगळे 3 वर शिकलो.

शेवंड

घेऊ नका, तिथे भाड्याने मिळतो. मात्र जाड सूट जास्त तरंगतो, तुमचं नेहमीचं वजन पुरणार नाही. दोन किलो वाढवून उथळ पाण्यात बघा, टाकीत 50 बार हवा उरलेली असताना पाच मीटरवर स्थिर राहता येतं का. नाही आलं तर अजून एक किलो.

निवतीचो

आणि बूट हयसून घेवन जा. थयले भाड्याचे बूट म्हणजे एक डावो नऊ नंबर, एक उजवो सात.